आधी उतरण्याची जागा ठरवा, मग सोडण्याची

प्रश्न असा आला आहे. उदगीर भागातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवणारे एक सर जानेवारीत विद्यार्थ्यांकडून उंचावर जाणारा फुगा सोडवणार आहेत. कॅमेरा, तापमान आणि दाब मोजणारे सेन्सर, बॅटरी असं सगळं मिळून एक किलो. ३० किलोमीटर उंची गाठायची आहे. ते विचारतात : "१२०० ग्रॅमचा फुगा घेतो आहोत, महाविद्यालयाच्या मैदानातून सोडू. गाडीला लावतात तसा सिमकार्डाचा ट्रॅकर पुरेल, की परदेशी संकेतस्थळांवर सांगतात तसा उपग्रहावर चालणारा मागवावा? डबा परत मिळेल ना? मुलांनी वर्गणी काढून कॅमेरा घेतला आहे."

ट्रॅकरचं आधी सांगून टाकते. सिमचा ट्रॅकर एकटा पुरणार नाही, आणि उपग्रहाचा अजिबात मागवू नका. पण सर, डबा परत मिळणं हे ट्रॅकरवर तुम्हाला वाटतं त्यापेक्षा फार कमी अवलंबून असतं. मी दहा-बारा वर्षं हे काम करते आहे. डबा हरवला तेव्हा दर वेळी कारण एकच निघालं, तो उतरला तेव्हा आमच्यापैकी जवळ कोणी नव्हतं. म्हणून तुमचा प्रश्न मी असा मांडते : फुगा कुठे उतरावा, आणि तो उतरताना तिथे तुमचं कोण असेल? याचं उत्तर हाती आलं की ट्रॅकर, फुग्याचा आकार, सोडण्याची जागा हे सगळं त्यातूनच ठरत जातं.

आधी उपग्रहाचं, कारण यात मुलांसकट तुम्ही अडचणीत याल. अमेरिकेतल्या किंवा युरोपातल्या माणसाला इनरीचसारखं, उपग्रहामार्फत स्थान कळवणारं यंत्र डब्यात टाकणं सोपं आहे. आपल्याकडे थुराया, इरिडियम यांच्या उपग्रहांच्या जाळ्यावर चालणारी उपकरणं दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय बाळगता येत नाहीत. गोव्याच्या विमानतळावर परदेशी पाहुण्यांना अशा यंत्रापायी पोलिसांना तोंड द्यावं लागलं आहे. महाविद्यालयाने ते मागवूच नये.

सिमच्या ट्रॅकरची गोष्ट वेगळी. मोबाइलच्या टॉवरचे अँटेना जमिनीकडे रोखलेले असतात. काही किलोमीटर वर गेलं की रेंज जाते आणि यंत्र टॉवर शोधण्यात बॅटरी संपवतं. शिवाय हवेतून मोबाइल वापरणं नियमात बसेलच असं नाही. उतरल्यावर, तेही त्या शिवारात रेंज असेल तर, तो एक संदेश पाठवू शकतो. दुसरा आधार म्हणून तो ठेवा, पण फुगा खाली आल्यावरच चालू होईल अशी जोडणी करा.

मुख्य भार रेडिओवर टाका. ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ हा पट्टा आपल्याकडे कमी शक्तीच्या उपकरणांना परवान्याशिवाय खुला आहे आणि त्यात चालणारी लोरा मॉड्यूल, म्हणजे थोड्या विजेत छोटे संदेश लांबवर पाठवणारे रेडिओ, सहज मिळतात. तुमच्याकडे कोणी हॅम, म्हणजे परवाना असलेला हौशी रेडिओवाला, असेल तर १४४ ते १४६ आणि ४३४ ते ४३८ मेगाहर्ट्झ हे पट्टेही आहेत. मात्र जमिनीवरचा हॅम परवाना हवेत सोडलेल्या यंत्रालाही चालतो असं धरून चालू नका, आधी लेखी विचारा. ३० किलोमीटरवरून क्षितिज ६०० किलोमीटरच्या पलीकडे असतं. इतकी उघडी नजररेषा असल्यामुळे अगदी थोड्या शक्तीचा संदेशही शेकडो किलोमीटर स्पष्ट ऐकू येतो. वर असताना फुगा सापडत नाही असं सहसा होत नाही. अडचण शेवटच्या काहीशे मीटरमध्ये असते, तिच्याकडे पुढे येते.

जीपीएसबद्दल एक गोष्ट मात्र सोडण्याआधी पक्की करा. यू-ब्लॉक्स या कंपनीची जीपीएस मॉड्यूल कारखान्यातून येतात ती जमिनीवरच्या वापरासाठी लावलेली असतात आणि १२ किलोमीटरच्या वर स्थान देणं थांबवतात. त्यांना चालू होतानाच "हवाई" प्रकारात टाकायची आज्ञा द्यावी लागते, मग ती ५० किलोमीटरपर्यंत चालतात. माझ्या तिसऱ्या उड्डाणात आज्ञा दिली होती, पण मॉड्यूलने ती स्वीकारली की नाही हे तपासलं नव्हतं. बारा किलोमीटरला पडद्यावरचे आकडे थिजले. संदेश येत होते, दर दहा सेकंदांनी तेच अक्षांश, तेच रेखांश, तीच उंची. फुगा फुटून डबा पुन्हा बाराच्या खाली आला तेव्हा आकडे हलले, तोवर आमची गाडी चुकीच्या दिशेला ४० किलोमीटर गेली होती. नकली मॉड्यूल ही आज्ञा गिळून गप्प बसतात. म्हणून आज्ञा दिल्यावर मॉड्यूलकडून तिचं उत्तर वाचा आणि ते उत्तर प्रत्येक संदेशात एका अंकाने पाठवा. आज्ञा टिकली आहे की नाही हे जमिनीवर कळायला हवं.

आता फुगा. १२०० ग्रॅमचा नको (हे वजन रिकाम्या फुग्याच्या रबराचं). पहिल्या उड्डाणाला ६०० ग्रॅमचा घ्या आणि खालचं सगळं वजन, पॅराशूट आणि दोरीसकट, अर्ध्या किलोत बसवा. चांगल्या बनावटीचा ६०० ग्रॅमचा फुगा सुमारे ६ मीटर व्यासाला फुटतो. अर्धा किलो ओझं घेऊन, सेकंदाला पाच-साडेपाच मीटर वेगाने चढत तो ३० किलोमीटरच्या आसपास पोचतो. तुम्हाला हवी तीच उंची, अर्ध्या ओझ्यात. एक किलोसाठी १२०० ग्रॅमचा फुगा घेतलात तर हेलियम ३ घनमीटरच्या घरात लागेल, इथे २ घनमीटरच्या आत भागतं. ७ घनमीटरच्या एका सिलिंडरमध्ये तुमचं उड्डाण होऊन दुसऱ्या प्रयत्नालाही वायू उरतो. पहाटे फुगा हातात फाटला तर हे फार कामाला येतं. शिवाय अर्धा किलोचा थर्माकोलचा डबा पत्र्यावर पडला तरी कोणाला इजा होत नाही. कॅमेरा जड असेल तर हलका घ्या. वर्गणीचा कॅमेरा दुसऱ्या उड्डाणाला पाठवा, पहिल्याला नको. मुलं नाराज होतील, पण आधी एक डबा घरी आलेला त्यांनी पाहू द्या. आणि वरून छायाचित्रण करायचं असेल तर तेही परवानगीच्या अर्जात स्पष्ट लिहा, ती परवानगी आपोआप मिळत नाही.

हवामान खात्यात हायड्रोजन वापरतात, तो स्वस्तही पडतो. मुलं आसपास असताना मी हायड्रोजनला हात लावत नाही आणि तुम्हीही लावू नये.

आता मुख्य गोष्ट, वारा. तुम्ही मैदानातून सोडू म्हणता, पण मी उलट्या बाजूने जाते. आधी उतरण्याची जागा निवडते, मग तिथून वाऱ्याच्या उलट दिशेने मागे येत सोडण्याची जागा काढते.

जानेवारीत मराठवाड्यावर वाऱ्याचे थर साधारण असे असतात. जमिनीपासून पहिले दोन-तीन किलोमीटर वारा बऱ्याचदा पूर्वेकडून येतो, त्यामुळे सुरुवातीला फुगा पश्चिमेला सरकतो आणि पहिल्यांदाच पाहणाऱ्यांना वाटतं की अंदाज चुकला. सहा-सात किलोमीटरच्या वर पश्चिमेचा वारा पकड घेतो आणि १२ किलोमीटरच्या आसपास सर्वांत जोरात असतो. वीसच्या वर तो मंदावतो, कित्येकदा पुन्हा पूर्वेचा होतो. नकाशावर हा मार्ग हुकासारखा वळलेला दिसतो : थोडा मागे, मग लांब पूर्वेला, मग पुन्हा किंचित मागे. खाली येताना हेच थर उलट्या क्रमाने लागतात, पण मार्ग आखूड असतो. मधल्या जोरदार थराचा हिशेब करून पाहा. १० ते १४ किलोमीटर हे चार किलोमीटर पाच मीटर वेगाने चढायला ८०० सेकंद लागतात. वारा सेकंदाला ३० मीटर असेल तर फुगा तेवढ्यात २४ किलोमीटर पूर्वेला गेला. उतरताना त्याच उंचीवर पॅराशूटचा वेग साधारण दहा मीटर असतो, म्हणजे आणखी १२ किलोमीटर. एका थराने ३६ किलोमीटर खाल्ले. सगळे थर धरून जानेवारीत ६० ते ९० किलोमीटर हे नेहमीचं अंतर आहे, वारा कसा आहे त्यावर ते निम्मं किंवा दीडपटही होऊ शकतं.

उदगीरहून सोडलात तर तो तेलंगणात जाईल. शिवाय तुमच्या आग्नेयेला ६०-७० किलोमीटरवर बिदरला हवाई दलाचा तळ आहे, आणि पुढे हैदराबादची विमानं. या मार्गाची परवानगी मी मागणारही नाही. त्यापेक्षा अंबाजोगाईच्या बाजूला जा. तिथून सोडलेला फुगा नेहमीच्या जानेवारीच्या वाऱ्यावर अहमदपूर, जळकोट, कंधार या पट्ट्यात उतरतो. आता विचार करा, तुमच्या मुलांचे मामा, मावश्या, सोयरेधायरे कुठे आहेत? याच गावांत. रस्ते तुम्हाला पाठ आहेत, बोली तुमची आहे, फोन केला तर शेतावर जाणारा माणूस आहे. सोडायला जाताना लांबचा प्रवास पडेल, पण फुगा तुमच्या घराच्या दिशेने उडेल. मी सगळी उड्डाणं आता याच रीतीने आखते.

अंदाजासाठी सॉन्डहब या हवामानाच्या फुग्यांच्या संकेतस्थळावरचं मार्ग वर्तवणारं साधन फुकट आहे. ते अमेरिकेच्या हवामान यंत्रणेच्या जीएफएस या प्रारूपावर चालतं आणि ते प्रारूप दर सहा तासांनी नवं होतं. पाच दिवस आधीपासून रोज सकाळी एकाच वेळी चालवा आणि उतरण्याचा ठिपका कागदाच्या नकाशावर तारीख घालून मांडा. मुलांना हे काम द्या, त्यात ते वारा शिकतात. शेवटच्या तीन दिवसांचे ठिपके १०-१५ किलोमीटरच्या आत पडत असतील तर हवा स्थिर आहे. ते ४०-५० किलोमीटर उड्या मारत असतील तर मी उड्डाण पुढे ढकलते, मग पाहुणे आलेले असोत की वर्तमानपत्रवाले. त्याच दिवसाचा अंदाज चढण्याचा वेग ४, ५ आणि ६ धरून आणि फुटण्याची उंची २५, ३० आणि ३३ धरूनही काढा. मिळालेले ठिपके जोडले की एक लांबट पट्टा दिसतो. डबा या पट्ट्यात येतो, एका ठिपक्यावर नाही. पट्ट्यात धरण, मोठं गाव किंवा जंगल असेल तर सोडण्याची जागा दहा-वीस किलोमीटर हलवा.

ऋतू तुम्ही बरोबर निवडला आहे. पावसाळ्यात वरचे वारे उलटतात, १५ किलोमीटरच्या आसपास पूर्वेचा जोरदार झोत असतो. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर वळवाचे ढग उठतात, त्यात फुगा सोडणं म्हणजे सगळं हवेवर सोडणं.

परवानगीबद्दल. आपल्या १९३४ च्या विमान कायद्यात "विमान" या शब्दाच्या व्याख्येत फुगाही होता, बांधलेला असो वा मोकळा. आता त्या कायद्याच्या जागी भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ आला आहे. आंतरराष्ट्रीय नियमांत ४ किलोच्या आतलं ओझं नेणारा फुगा हलका धरतात, पण त्याचा अर्थ न विचारता सोडा असा होत नाही. नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, विमानतळ प्राधिकरणाचं वाहतूक नियंत्रण आणि हवाई दल यांच्याकडे मार्गाचा नकाशा, वेळ, वजन, चढण्याचा वेग आणि संपर्काचा माणूस देऊन अर्ज करा. जिल्हाधिकारी आणि पोलिसांनाही कळवा. किती दिवस लागतील ते जागेवर आणि वेळेवर अवलंबून आहे. माझ्या अनुभवात दोन-अडीच महिने हाताशी ठेवलेले बरे, म्हणजे जानेवारीसाठी दिवाळीआधीच कागद हलायला हवेत. अर्जात एकच तारीख मागू नका, आठवडा मागा, म्हणजे वारा पाहून दिवस निवडता येतो. परवानगी आली नाही तर फुगा उडणार नाही, हे मुलांना पहिल्याच दिवशी सांगून ठेवा.

डब्याच्या आतलं मी भरभर सांगते. आपल्याकडे १६-१७ किलोमीटरवर तापमान उणे ७५ ते उणे ८५ अंशांपर्यंत उतरतं. थंड देशांतल्यापेक्षा आपलं आकाश त्या उंचीवर जास्त थंड असतं. साधे अल्कलाइन सेल तिथे बसतात, लिथियमचे एकदा वापरायचे सेल घ्या. पॉवर बँक नको. ट्रॅकर इतकी कमी वीज ओढतो की बँकेला वाटतं काही जोडलेलंच नाही, आणि ती स्वतःहून बंद होते. सगळं जोडून डबा एखाद्या आइसक्रीमवाल्याच्या फ्रीजरमध्ये रात्रभर चालू ठेवा आणि बाहेर बसून संदेश मोजा. सकाळपर्यंत एकही संदेश चुकला नसेल तर डबा तयार आहे.

पॅराशूट पाऊण मीटर व्यासाचं, भडक केशरी. ते फुगा आणि डबा यांच्या मध्येच, उघडलेल्या स्थितीत टांगायचं. फुगा फुटला की हवा इतकी विरळ असते की डबा सुरुवातीला सेकंदाला ४० मीटरच्या आसपास कोसळतो. खाली येत येत हवा दाट होते आणि जमिनीजवळ वेग पाचवर येतो. ३० किलोमीटरवरून उतरायला साधारण पाऊण तास लागतो.

सकाळी फुगवणं हा सगळ्यात नाजूक तास, आणि त्यात मला सगळ्यात जास्त आनंद मिळतो. सूर्योदयाच्या आसपास हवा पडलेली असते, तेव्हाच सोडायचं. जमिनीवर जुनी सतरंजी, तिच्यावर धुतलेली मऊ चादर. हातात सुती मोजे, अंगठ्या आणि बांगड्या काढून. फुगा पाकिटातून निघतो तेव्हा पावडर लागलेल्या कातड्यासारखा लागतो, त्याच्या मानेत पीव्हीसीचा तुकडा घालून बाहेरून नाडीने आवळायचा. वायू हळू सोडा. सिलिंडरचा नळ गार पडतो, कधी त्याच्यावर दव धरतं. फुगा आधी जमिनीवर लोळतो, मग एका बाजूने खांदा उचलतो, मग अचानक सरळ उभा राहून मान ताणतो. किती भरायचं याला डोळ्याचा अंदाज चालत नाही. तुमच्या अर्ध्या किलोच्या ओझ्याला वर ओढ आणखी साधारण ८०० ग्रॅम हवी. म्हणून पाण्याची बाटली काट्यावर बरोबर १३०० ग्रॅम भरा, नळीचं वजनही त्यातच धरा, आणि ती फुग्याच्या मानेला लटकवा. बाटलीचं बूड सतरंजीवर टेकलेलं असतं. वायू जात राहतो. एका क्षणी बाटली थरथरते आणि सतरंजीपासून बोटभर उचलली जाते. तिथे नळ बंद. वाऱ्याच्या झुळकीने ती उगाच उचलली जाते, म्हणून झुळूक थांबेपर्यंत थांबा आणि पुन्हा पाहा. यात घाई करून कमी भरला तर फुगा सावकाश चढेल आणि तुमचा सगळा पट्टा पूर्वेला पसरेल. बाटलीचे हे १०० ग्रॅम इकडे-तिकडे झाले तर उतरण्याच्या जागेत दहा-दहा किलोमीटरचा फरक पडलेला मी पाहिला आहे.

आता गाड्या. दोन हव्यात. पहिली गाडी फुगा सोडण्याआधीच निघते आणि अंदाजाच्या पट्ट्याच्या मध्यावर, उंच जागी, जाऊन थांबते. तुमच्या बाबतीत बालाघाटच्या डोंगररांगेवरचा एखादा माळ. दुसरी सोडण्याच्या जागेवरून मागे येते. सात वाजता सोडला तर साडेआठच्या सुमारास फुटेल, सव्वानऊला जमिनीवर. पहिल्या गाडीला वाटेत चहासाठी थांबूनही वेळ पुरतो. गाडी चालवणाऱ्याने पडद्याकडे बघायचं नाही, हा माझा नियम आहे आणि तो मी मोडू देत नाही. फुगा फुटल्याचं कळलं की खऱ्या जागेवरून आणि खऱ्या उंचीवरून अंदाज पुन्हा चालवा. आता पट्टा आकसून तीन-चार किलोमीटरचा होतो. तिथे जा.

शेवटचे काहीशे मीटर म्हणाले होते ते हे. डबा खाली येतो तशी नजररेषा बुडत जाते. तुम्ही सपाट जमिनीवर ५० किलोमीटर दूर असाल तर तो शंभर-सव्वाशे मीटरवर असतानाच रेडिओचा आवाज तुटतो, मध्ये डोंगर असेल तर पाचशे-सातशेवर. सेकंदाला पाच मीटर वेगाने पाचशे मीटर म्हणजे शंभर सेकंद, आणि तेवढ्या वेळात साधा वाराही डब्याला अर्धा किलोमीटर नेतो. अर्धा किलोमीटर म्हणजे उघड्या माळावर काही नाही, पण उभ्या उसात तो शोधायला दिवस जातो. पाच किलोमीटरवर थांबलेली गाडी तोच आवाज जवळजवळ जमिनीपर्यंत ऐकते. पहिली गाडी पुढे पाठवायची ती एवढ्यासाठी. डबा जमिनीवर पडल्यावर अँटेना मातीत लोळते, ऊस आणि उभी ज्वारी आवाज गिळतात. अशा वेळी पोलादी मोजपट्टीचे तुकडे पीव्हीसीच्या नळीवर लावून केलेला हाती यागी अँटेना, म्हणजे रोखू त्या एकाच दिशेचं जोरात ऐकणारा अँटेना, घेऊन चालायचं, आवाज ज्या बाजूला वाढेल त्या बाजूला. शंभर रुपयांच्या मोजपट्टीने मला महागड्या यंत्रांपेक्षा जास्त डबे मिळवून दिले आहेत. डब्यात एक छोटा भोंगा ठेवा, उतरल्यावर दर अर्ध्या मिनिटाला वाजणारा.

उतरण्याच्या जागी माणसं असतात, हे मात्र परदेशी संकेतस्थळांवर कोणी नीट लिहीत नाही. हैदराबादला टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं फुगे सोडण्याचं केंद्र १९६९ पासून आहे. त्यांचे फुगे तुमच्यापेक्षा कितीतरी मोठे, पण त्यांची एक रीत आपण उचलावी. हंगामाआधी ते तेलंगण, कर्नाटक आणि महाराष्ट्रातल्या जिल्ह्यांना जाहीर सूचना देतात की आकाशातून उपकरणं उतरतील, घाबरू नका, उघडू नका, पोलिसांना कळवा, बक्षीस मिळेल. लातूर, नांदेड, परभणी हे आपले जिल्हे त्या यादीत असतात. तरीही डिसेंबर २०२२ मध्ये विकाराबाद जिल्ह्यात त्यांच्या फुग्याखालची मोठी कुपी शेतात उतरली तेव्हा हे काय आलं म्हणून गाव लोटलं होतं. लोकांना भीती वाटणं साहजिक आहे. ती आधीच दूर करणं आपलं काम.

डब्याच्या चारही बाजूंना मोठ्या अक्षरांत मराठी, हिंदी, तेलुगू आणि कन्नड अशी चिठ्ठी चिकटवा : हा विद्यार्थ्यांचा हवामानाचा प्रयोग आहे, यात धोका काही नाही, या दोन क्रमांकांवर फोन करा, येऊन घेऊन जाऊ, बक्षीस देऊ. पावसाने किंवा दवाने जाणार नाही अशी शाई. पट्ट्यातल्या पोलीस ठाण्यांना आणि सरपंचांना आदल्या दिवशी डब्याचा फोटो पाठवा. भोंगा लावला असेल तर चिठ्ठीत तेही लिहा, हे मी कंधार तालुक्यात शिकले. आम्ही तुरीच्या बांधावर अँटेना फिरवत होतो, आवाज जोरात, डबा दिसेना. धोतर नेसलेले एक आजोबा लांबून बघत होते. जवळ येऊन म्हणाले, "काय हुडकायलाव, ताई?" मी डब्याचं सांगितलं. ते काही न बोलता गोठ्याकडे चालू लागले. गोठ्यात कडब्याच्या गंजीमागे आमचा डबा, त्याच्यावर बारदाना, बारदान्यावर पाण्याने भरलेली घमेली. "वाजायला लागलं म्हणून भिजवून ठिवलं," ते म्हणाले. "नातीनं कागद वाचला, पण वाजतंय हे कागदावर कुठं हाय?" त्यांचं बरोबर होतं. डबा आतून कोरडा होता, नोंदी सगळ्या मिळाल्या. त्यांच्या नातीला आम्ही वरून काढलेले फोटो छापून पाठवले.

शेतात पाय ठेवण्याआधी मालकाला विचारा, पीक मोडलं तर भरपाई तिथेच द्या. डबा विजेच्या तारेवर अडकला तर काठी घेऊन कोणीही पुढे जायचं नाही, महावितरणच्या वायरमनला बोलवायचं. मुलांना विहिरींपासून सांभाळा. उसाच्या कडेला कठडा नसलेल्या विहिरी असतात आणि मुलं वर बघत धावतात.

डबा दिसला की लगेच उचलू नका. आधी तो जसा पडला आहे तसा फोटो, वेळ, जागेचे आकडे, दोरीची आणि पॅराशूटची अवस्था, हे सगळं लिहून घ्या, पुढच्या अंदाजाला तेच उपयोगी पडतं. मग ट्रॅकर बंद करा. आणि फुग्याच्या चिंध्या शोधा. फुटलेलं रबर दोरीला लोंबत खाली येतं, कधी तुकडे आसपास पडतात. पांढरट, मऊ असतात, कडब्यात मिसळले तर जनावर खातं. मुलांना रांगेत उभं करून ते शेत एकदा या बांधापासून त्या बांधापर्यंत चालू द्या, आणि सापडेल तो तुकडा पिशवीत घालून परत आणा.